सकाळी उतरा, संध्याकाळी परत बसा: पायी आणि भुयारी मेट्रोनं मुंबईचा एक दिवस

आपल्याकडचा, विदर्भातला माणूस मुंबईला निव्वळ फिरायला क्वचितच जातो. मंत्रालयात काम असतं, कोणाला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असतं, पोराची मुलाखत असते, नाहीतर सहा डिसेंबरची चैत्यभूमी. काम आटोपलं की परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ फलाटावर पेपर अंथरून जातो. त्या वेळात, किंवा मुद्दाम एक दिवस काढून, मुंबई कशी पाहायची ते इथं टप्प्याटप्प्यानं सांगतो. तुम्ही गोंदिया, वर्धा, बडनेरा, मूर्तिजापूर, शेगाव अशा कुठल्या तरी स्टेशनवरून आदल्या दिवशीच्या गाडीत बसलात, सकाळी सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरलात आणि त्याच संध्याकाळी परत निघणार आहात, असं धरून चाललोय.

सगळ्यात आधी दहा ठिकाणांची यादी घरीच फाडून टाका. मुंबई दक्षिणोत्तर लांबच लांब पसरली आहे. जुहू, हाजी अली, नटांचे बंगले आणि घारापुरीची लेणी एका दिवसात करायला गेलात, तर दिवसभर टॅक्सीची काचच पाहाल. दक्षिण टोकाचा पट्टा मात्र, म्हणजे सीएसएमटी, फोर्ट, गेटवे, ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह, हा पायीच पाहायचा आहे. तुरीच्या वावरात दिवसभर उभं राहणाऱ्याला ही चाल जड नाही. लांबची उडी दिवसातून एकदाच मारायची आणि ती भुयारी मेट्रोनं.

घरून निघण्याआधी

सोयाबीन निघाल्यावर आणि उन्हाळा लागायच्या आत जा. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर मुंबईचा पाऊस अंगावर येतो, पायी फिरण्यात काही राम राहत नाही. एप्रिल-मेमध्ये तिथलं तापमान आपल्या अकोला-चंद्रपूरच्या मानानं दहा-बारा अंशांनी कमी असतं, म्हणून लोक फसतात. आपलं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो. तिथं हवाच दमट, घाम अंगावरच राहतो आणि माणूस तासाभरात गळून जातो. पाण्याची बाटली आणि लिंबू-मीठ हिवाळ्यातही सोबत असू द्या.

तिकीट जातानाचं आणि येतानाचं एकदमच काढा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. गोंदिया-मुंबई विदर्भ एक्सप्रेस या दिवसाला अगदी सोयीची: सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला सोडते आणि संध्याकाळी सातच्या सुमारास तिथूनच परत निघते. नेमकी वेळ तिकिटावर पाहा, वेळापत्रक बदलत असतं. अमरावतीकरांना त्यांची स्वतंत्र मुंबई एक्सप्रेस आहे, नागपूरकरांना दुरांतो आहे.

रविवार निवडता आला तर निवडा. फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग, रविवारी तिथले रस्ते मोकळे असतात आणि मान वर करून इमारती पाहता येतात. एक तोटा आहे: कचेरीच्या लोकांवर चालणारी जेवणाची बरीच छोटी हॉटेलं त्या दिवशी बंद असतात.

सामान कमीत कमी. पाठीवर एक थैली, हातात काही नाही. पायात रोजची झिजलेली चप्पल किंवा बूट. नवा जोड मुंबईच्या फूटपाथवर पहिल्यांदा घालू नका. शिदोरीत तिखट पुऱ्या किंवा दशम्या, ठेचा आणि फल्लीदाण्याची चटणी. भाकर दुसऱ्या दिवशी कडक होते. पैसे दोन ठिकाणी ठेवा, दहा-वीसच्या नोटा वेगळ्या. घरच्यांचे दोन फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात, म्हाताऱ्या माणसाच्या खिशात तर नक्कीच. फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, नंबर पाठ कोणाचेच नसतात.

आणि खर्रा. घरीच ठेवा म्हणालो तर कोणी ऐकणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण मेट्रोत आणि स्टेशनात थुंकलं तर दंड होतो. तोंडात खर्रा धरून पाऊण तास गिळत बसण्यापेक्षा तो थैलीतच बरा.

सकाळ: सीएसएमटी

गाडीतून उतरल्यावर घाई करू नका. सात वाजता मुंबईत तुम्हाला पाहायचं असं फारसं काही उघडलेलं नसतं. तिकीट दाखवून प्रतीक्षालयात जा, तोंड धुवा, आंघोळ करायची तर पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं आहेत. मोठं सामान असेल तर क्लोक रूममध्ये टाका. बॅगेला कुलूप पाहिजे, त्याशिवाय घेत नाहीत. तेव्हा एक लहान कुलूप घरूनच न्या. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्रही लागतं. मिळालेली पावती जपून ठेवा. अडकित्ता, चाकू असलं काही असेल तर तेही इथंच बॅगेत टाका. मेट्रोत थैली यंत्रातून तपासतात, तिथं ते अडकेल आणि मागं रांग थांबेल.

स्टेशनला अठरा फलाट आहेत. लोकलचे एका बाजूला, लांबच्या गाड्यांचे दुसऱ्या बाजूला. बाहेर पडताना लोकलची गर्दी समोरून येईल. तिच्या मधोमध थांबून फोन पाहू नका, कडेला व्हा. मुंबईकर उद्धट नसतो, त्याला फक्त उशीर झालेला असतो.

बाहेर आलात की रस्ता वरून ओलांडायचा नाही. खाली पादचाऱ्यांचा सबवे आहे, दुकानांनी भरलेला. त्यातून पलीकडे, महापालिकेच्या बाजूला निघा आणि मग मागं वळून स्टेशनाकडे पाहा. रोज लाखो लोक या इमारतीतून जातात आणि तिच्याकडे न बघता जातात. १८७८ ला बांधकाम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा. २००४ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दरवाज्याच्या खांबांवर एका बाजूला सिंह, एका बाजूला वाघ. भिंतीवर दगडात कोरलेली जनावरं, पक्षी, पानंफुलं नीट पाहा, पोरांना मोजायला लावा. समोरची महापालिकेची इमारतही याच स्टीव्हन्स यांची, १८९३ ची.

फोर्टमधून पायी, कापसाच्या मागावर

आता दक्षिणेकडे दादाभाई नौरोजी रस्त्यानं चालायला लागा. दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारतींना खाली कमानी आहेत, त्यांच्या आतून फूटपाथ जातो. म्हणजे ऊन लागत नाही. फेरीवाल्यांमुळे वाट अरुंद होते, तेव्हा थैली पाठीवरून पुढं छातीवर घ्या. बारा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो.

इथं दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक दगडी कारंजं, फ्लोरा फाउंटन, १८६४ चं. आणि दुसरं संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव दिलेल्यांचं स्मारक, मशाल घेतलेल्या शेतकरी आणि कामगाराचं. विदर्भातल्या माणसाला इथं उभं राहून विचार करायला बरंच आहे. विदर्भाला महाराष्ट्रात आणण्यासाठीचा १९५३ चा नागपूर करार, १ मे १९६०, आणि त्यानंतर आजपर्यंत चाललेली आपली तक्रार. वेगळा विदर्भ मागणारे आणि न मागणारे, दोघांनीही हा चौक पाहावा असं मला वाटतं.

हुतात्मा चौकातून डावीकडे, पूर्वेला, वीर नरिमन रस्त्यानं पाच-सात मिनिटं गेलात की हॉर्निमन सर्कल लागतं. मधे गोल बाग, भोवती सारख्या उंचीच्या इमारती, आणि समोर एशियाटिक सोसायटीचा १८३३ चा टाऊन हॉल, उंच पायऱ्यांचा. बहुतेक पर्यटक इकडे फिरकत नाहीत, पण तुम्ही वऱ्हाडातले आहात. ही बाग होण्याआधी इथं मोकळं मैदान होतं आणि एकेकाळी त्यावर कापसाच्या गाठी रचून ठेवत. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, सट्टेबाज बुडाले. भाव वर जातो तेव्हा व्यापारी कमावतो आणि पडतो तेव्हा सगळेच रडतात, ही गोष्ट तेव्हापासूनची.

त्याच सुमाराला रेल्वे आपल्याकडे धावत होती. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला मुंबईहून ठाण्याला गेली. १८६७ ला रूळ नागपूरला पोचले. १८७० ला खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबवरून वेगळा फाटा निघाला. तुम्ही ज्या मार्गानं रात्रभर झोपून आलात, तो मुळात वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत आणायला फार उपयोगी पडला. या भागातले दगडी महाल पाहताना कोणी 'गावाकडचे दिसतात' अशा नजरेनं पाहिलं, तर हे मनात असू द्या.

पुन्हा हुतात्मा चौकात या आणि दक्षिणेला काळा घोड्याकडे निघा. संग्रहालयाची घुमटवाली इमारत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, डाव्या हाताला बागेत दिसेल. सव्वादहाला उघडतं. इथं ठरवा: संग्रहालय धड पाहायचं तर दोन तास हवेत, आणि मग दुपारची मेट्रोची उडी सोडावी लागेल. सोबत शाळेतली पोरं असतील तर संग्रहालय घ्या. नसतील तर बाहेरून पाहून पुढं चला.

गेटवेला पोचायला तिथून दहा मिनिटं. कमान पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून ठरली, बांधून झाली १९२४ ला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची इंग्रजी पलटण याच कमानीतून समुद्राकडे निघून गेली. शेजारचं ताज हॉटेल कमानीपेक्षा जुनं, १९०३ चं. आत येताना पोलीस थैली तपासतात. फोटो काढून देणारे मागं लागतील. हवा असेल तर आधी भाव ठरवा आणि 'किती प्रती' हेही बोलून घ्या, नको असेल तर मान हलवून पुढं चला, उत्तरही देऊ नका. घारापुरीच्या बोटीच्या तिकिटासाठी आवाज देतील. जायला तास, यायला तास, वर चढण. एका दिवसाच्या माणसानं या भानगडीत पडू नये. सोमवारी तर लेणी बंदच असतात.

जेवण

बारा वाजताच जेवा. एक ते दोनमध्ये फोर्टातली सगळी कचेरी हॉटेलात उतरते. गेटवेच्या आसपास महाग, फोर्टच्या गल्ल्यांत स्वस्त. राइस प्लेट किंवा थाळी मागा. तिखटाची अपेक्षा ठेवू नका. सावजीवर पोसलेल्या जिभेला इथली भाजी आजाऱ्याची वाटेल. थैलीतला ठेचा तेव्हा कामी येतो. वडापाव जरूर खा, सोबत तळलेली हिरवी मिरची मागून घ्या. शिदोरी सोडायची असेल तर ओव्हल मैदानाच्या कडेची झाडं बरी. तिथून एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर दिसतो. हा टॉवरही कापसाच्याच पैशातला: प्रेमचंद रायचंद या कापूस व्यापाऱ्यानं देणगी दिली आणि आईचं नाव ठेवलं. १८७८ ला पुरा झाला. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला १९३० च्या आसपासच्या गोलाईदार बाल्कन्यांच्या इमारती आहेत. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ ला युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. पन्नी आणि उष्टं मात्र मैदानात टाकू नका, परत थैलीत घाला.

मेट्रो: पहिल्यांदा बसणाऱ्यासाठी

नागपूरची मेट्रो ज्यांनी पाहिली त्यांना अर्धं काम येतं. फरक असा की नागपूरची डोक्यावरून जाते, मुंबईची ही तिसरी मार्गिका जमिनीखालून. हिला ॲक्वा लाईनही म्हणतात. कफ परेड ते आरे, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, त्यातली सव्वीस जमिनीखाली. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा ऑक्टोबर २०२५ ला. भाडं अंतरानुसार १० ते ७० रुपये. सकाळी सहाच्या आसपास सुरू होते, रात्री साडेदहापर्यंत चालते. आपण हुतात्मा चौक स्टेशनातून चढू.

रस्त्यावर 'मेट्रो'ची पाटी आणि खाली जाणारा जिना दिसला की आत शिरण्यापूर्वी दोन कामं करा. फोनवर तिकीट काढायचं असेल तर वर रस्त्यावरच काढा, जमिनीखाली रेंजचा भरवसा धरू नका. आणि सगळ्यांना सांगा, आपण कुठं उतरणार. नाव प्रत्येकाच्या तोंडी आलं पाहिजे.

सरकत्या जिन्यावर आपल्याकडच्या बायामाणसं थबकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लुगड्याच्या निऱ्या एका हातानं थोड्या वर उचलून धरायच्या, दुसरा हात काळ्या सरकत्या कठड्यावर, आणि पिवळ्या रेघांच्या मधल्या पायरीवर एकच पाऊल ठाम टाकायचं. पाय टाकताना खाली पाहा, एकदा चढल्यावर समोर. शेवटी पायऱ्या सपाट होत जातात तेव्हा पाय उचलून पुढं टाका आणि तिथंच थांबू नका, मागचा माणूस अंगावर येतो. ओचा, पदर, दुपट्ट्याचं टोक लोंबत ठेवू नका. लहान पोराला कडेवर घ्या. हे नकोसं वाटलं तर लिफ्ट असते, म्हाताऱ्यांसाठी तीच धरा. लिफ्टची पाटी न दिसल्यास सुरक्षारक्षकाला विचारा, तो मराठीतच सांगेल.

खाली आल्यावर तपासणी. थैली यंत्राच्या पट्ट्यावर, माणूस कमानीतून. बायकांची रांग वेगळी. मग तिकीट: खिडकीवर स्टेशनचं नाव आणि माणसं सांगा, क्यूआर कोडची चौकट छापलेलं कागदी तिकीट मिळतं. प्रत्येकाचं स्वतंत्र. ते ज्याचं त्याच्या हातात द्या. एकानं सगळी धरून ठेवली की फाटकावर गोंधळ होतो. फाटकाच्या काचेवर चौकट पालथी धरा, दार उघडलं की जा, एकावेळी एकच माणूस. तिकीट फेकू नका, बाहेर पडताना तेच पुन्हा दाखवावं लागतं. दुमडूही नका, चौकट मोडली की यंत्र वाचत नाही.

फलाटावर उतरताना दोन दिशांच्या पाट्या असतात: एक कफ परेडकडे, एक आरेकडे. आपल्याला आरेकडे जायचंय. फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे, तिची दारं गाडी आल्यावरच उघडतात, त्यामुळं रुळावर कोणी पडायची भीती नाही. दाराच्या मधोमध उभे राहू नका, कडेला थांबा. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. शिट्टीसारखा आवाज आला की दारं बंद होताहेत. पळत जाऊन हात घालू नका. पाच-सहा मिनिटांत दुसरी येते.

चुकामूक झालीच, काही आत गेले आणि एक बाहेर राहिला, तर हा नियम घरीच ठरवून ठेवा: बाहेर राहिलेल्यानं तिथंच उभं राहायचं, हलायचं नाही. आत गेलेल्यांपैकी एकानं पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. दोघांनी एकमेकांना शोधत फिरलं तर दिवस त्यातच जातो.

आत खाणं-पिणं करायचं नाही. घोषणा मराठीतून होते, दारावरच्या नकाशात पुढचं स्टेशन दिसतं. मुंबई सेंट्रलजवळच्या स्टेशनाला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव दिलंय. नाना शंकरशेट म्हणजे मुंबईत आगगाडी आणण्यासाठी खटपट केलेले गृहस्थ.

कुठं उतरायचं: दादर की ग्रँट रोड

दोन्ही करायला जाऊ नका.

दादर निवडलंत तर हुतात्मा चौकापासून अकरावं स्टेशन. आधीचं स्टेशन सिद्धिविनायक, दर्शन घ्यायचं तर तिथं उतरा. मंगळवारी मात्र टाळा, रांग भलीमोठी असते. दादरला उतरून शिवाजी पार्ककडे आणि पुढं समुद्राकडे चालत चैत्यभूमी. मेट्रोचं दादर आणि लोकलचं दादर यात चालण्याइतकं अंतर आहे, ते एक समजू नका. बाहेर पडायचे रस्ते अनेक असतात, पाटीवर कोणत्या दारानं कुठं निघतो ते लिहिलेलं असतं. 'शिवाजी पार्कला कुठल्या दारानं' एवढं विचारलं की पंधरा मिनिटांची उलटी पायपीट वाचते. ज्यांनी दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबरची गर्दी पाहिली आहे, त्यांना चैत्यभूमीची जागा आकारानं लहान वाटेल. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दोन महिनेही झाले नव्हते आणि ७ डिसेंबरला बाबासाहेबांवर इथं, दादरच्या समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाले. एरवीच्या दिवशी शांत असतं, बसता येतं. सहा डिसेंबरच्या आसपास जाणार असाल तर हा लेख बाजूला ठेवा. त्या दिवसांची व्यवस्था, रांगा, रस्ते सगळं वेगळं असतं.

ग्रँट रोड निवडलंत तर तिथून पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटं चालून ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे जुनं गवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव'ची हाक इथून निघाली आणि आठच दिवसांत, १६ ऑगस्टला, चंद्रपूरच्या चिमूरला आणि वर्ध्याच्या आष्टीला तिचा भडका उडाला. चिमूर-आष्टीकडच्या माणसानं या मैदानावर उभं राहावं यासारखं दुसरं पर्यटन नाही. पाहायला फार काही नाही, बाग आहे, पोरं खेळतात. जवळच मणिभवन, १९१७ ते १९३४ मध्ये गांधीजी मुंबईत आले की उतरायचे ते घर. सेवाग्रामची आदिनिवास कुटी पाहिलेल्या वर्धेकरांना इथला लाकडी जिना आणि चरख्याची खोली ओळखीची वाटेल. तिथून समुद्राकडे उतरलात की गिरगाव चौपाटी, आणि चौपाटीपासून मरीन ड्राइव्ह सुरू. हा मार्ग मला जास्त आवडतो, कारण परत मेट्रोत शिरावं लागत नाही, चालत चालत चर्चगेटपर्यंत येता येतं. पाय दुखत असतील तर बेस्टची बस आहे. साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, वातानुकूलितचं १२.

ऑटो शोधू नका. बांद्रा आणि सायनच्या दक्षिणेला ऑटोरिक्षाला परवानगीच नाही. काळी-पिवळी टॅक्सी मिळते, किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, मीटरनंच जा.

चार ते सहा: समुद्र

दादरकडून येणाऱ्यांनी कफ परेडकडची मेट्रो धरून चर्चगेटला उतरावं. पुढचं स्टेशन विधानभवन. तिथली मंडळी हिवाळी अधिवेशनाला आपल्याकडेच येतात, त्यामुळं त्यांच्यासाठी वेगळं उतरायची गरज नाही. चर्चगेटहून पाच मिनिटांत समुद्र.

मरीन ड्राइव्हचा कठडा रुंद आहे, त्यावर बसा. त्यापलीकडच्या सिमेंटच्या तिकोनी ठोकळ्यांवर उतरू नका, पोरांना तर मुळीच नाही. ते लाटांचा मार तोडायला टाकलेत, ओले आणि निसरडे असतात, आणि मधल्या फटीत पाय गेला की निघत नाही. पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाट कठड्यावरून रस्त्यावर येते, तेव्हा पोलीस जिथं थांबवतील तिथं थांबायचं. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, त्यांना इथं तासभर काही विचारू नका. माझ्या ओळखीतल्या एका आजीनं बराच वेळ पाहून एवढंच विचारलं होतं, 'एवढं पाणी, अन् वावराले एक थेंब नाही?'

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. सातची गाडी असेल तर तो मोह मोजून करा: सव्वापाचला उठलात तर आरामात, सहाला उठलात तर धावत. चर्चगेटहून सीएसएमटी मेट्रोनं दुसरं स्टेशन. पाच वाजल्यापासून कचेऱ्या सुटतात आणि सगळी गर्दी स्टेशनांकडे वाहते, म्हणून नेहमीच्या हिशेबात अर्धा तास जास्तीचा धरा.

परतीची गाडी

गाडीच्या पाऊण तास आधी सीएसएमटीला हवं. आधी क्लोक रूम, कारण तिथंही संध्याकाळी रांग असते. मग रात्रीचं जेवण बांधून घ्या आणि बाटल्या भरा. फलाट क्रमांक फळ्यावर पाहा, कोणी सांगितला म्हणून जाऊ नका. डबा कुठं लागतो तेही फलाटावरच्या फलकावर दिसतं, नाहीतर सामान घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळावं लागतं.

दमलेल्या माणसाला कल्याणच्या पुढं झोप अशी लागते की स्वतःचं गाव निघून जातं. विदर्भ एक्सप्रेस शेगाव, अकोल्याला भल्या पहाटे पोचते आणि तिथं थांबते दोन-चार मिनिटं. गजर दोन फोनवर लावा, शेजारच्या बर्थवरच्या नागपूरवाल्याला सांगून ठेवा आणि झोपण्याआधी चपला सीटखाली एका कोपऱ्यात सरकवून ठेवा.